समाजकार्याचे ज्ञान घडते कुठे? शिकागोच्या हल हाउसची कथा

१/
१८९३-९४चा हिवाळा. अमेरिकेत आर्थिक मंदी आणि शिकागो शहरात बेकारांच्या रांगा. मालवाहतुकीच्या कचेरीतला एक कारकून नोकरी सुटल्यामुळे ‘हल हाउस’ या संस्थेत मदत मागण्यासाठी आला. संस्थेच्या प्रमुख जेन ॲडम्स यांना वरून सूचना होती की, काम मिळण्याची शक्यता असेल तर माणसाने आधी ते करून पाहावे, मदत नंतर. शहराजवळ सांडपाण्याच्या कालव्याची खोदाई चालू होती. त्यांनी त्याला तिकडे जाण्यास सुचवले.

२/
आपण आजवर चार भिंतींच्या आतच काम केले आहे, हिवाळ्यातले उघड्यावरचे काम आपल्याला सोसणार नाही, असे त्याने सांगितले. ॲडम्स यांच्या मनात शंका आली. पण त्यांनी नियम सोडला नाही. तो माणूस पुन्हा मदत मागायला आला नाही. त्याने दोन दिवस कालव्यावर माती खणली. तिथे त्याला न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात तो मरण पावला. मागे दोन लहान मुले राहिली.

३/
१९१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत ॲडम्स यांनी ही घटना स्वतःहून नोंदवली. माणसांचे जगणे ठरीव नियमांनी चालवता येत नाही हे आपण त्या दोन मुलांच्या नुकसानीतून शिकलो, अशी ही कबुली आहे. त्या मुलांशी असलेला संबंध त्यांनी तुटू दिला नाही; मात्र त्यांना पाहिले की मनात कडवट जाणीव उठल्याशिवाय राहत नसे.

४/
समाजकार्यातले ज्ञान कसे तयार होते आणि ते व्यवहारात कसे उतरते, या प्रश्नाची सुरुवात इथून करणे योग्य ठरेल. विद्यापीठात सिद्धांत तयार होतो आणि कार्यकर्ता तो वस्तीत जाऊन राबवतो, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. या क्षेत्रातले आरंभीचे बरेचसे ज्ञान वस्तीत, कामाच्या ओघात आणि पुष्कळदा चुकांमधून उभे राहिले. त्या चुकांची किंमत मात्र बहुधा दुसऱ्यानेच मोजली.

५/
प्रथम पार्श्वभूमी. १८८४मध्ये लंडनच्या गरीब पूर्व भागात ‘टॉयन्बी हॉल’ सुरू झाला. सुशिक्षितांनी गरिबांच्या वस्तीत अधूनमधून भेट देण्याऐवजी तिथेच बिऱ्हाड करावे, अशी त्यामागची कल्पना होती. ॲडम्स यांनी १८८८मध्ये तो पाहिला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८८९मध्ये, त्यांनी आणि एलन गेट्स स्टार यांनी शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावरच्या एका जुन्या वाड्यात हल हाउस सुरू केले. भोवती इटालियन, ज्यू, बोहेमियन, आयरिश अशा स्थलांतरितांची दाट वस्ती होती.

६/
१८९१च्या अखेरीस तिथे फ्लोरेन्स केली आल्या. वडील अमेरिकन काँग्रेसचे सदस्य. शिक्षण कॉर्नेल आणि झ्युरिक इथले. एंगेल्सच्या इंग्लंडमधील कामगारवर्गावरील ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्यांच्याच हातचा. छळ करणाऱ्या नवऱ्याला सोडून तीन मुलांसह त्या शिकागोला आल्या होत्या. हल हाउसला सहृदयता पुष्कळ होती. केलींनी तिला आकड्यांची शिस्त दिली.

७/
त्या काळी कपड्यांचे बडे व्यापारी शिवणकाम ठेकेदाराकडे सोपवत आणि ठेकेदार ते खोल्याखोल्यांतून करून घेत. एकाच खोलीत स्वयंपाक, आजारपण, झोप आणि शिलाई. बायका-मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत सुईला जुंपलेली. इलिनॉय राज्याच्या श्रम-सांख्यिकी विभागाने १८९२मध्ये या धंद्याच्या पाहणीचे काम केलींवर सोपवले. दारोदार फिरून त्यांनी नोंदी जमवल्या.

८/
१८९३मध्ये केंद्र सरकारने चार मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांची पाहणी हाती घेतली. शिकागोतले काम पुन्हा केलींकडे आले. पाहणी करणारे कर्मचारी प्रत्येक घरात जाऊन जन्मदेश, वेतन, काम, खोल्या यांची माहिती तक्त्यांत भरत. वॉशिंग्टनला पाठवण्यापूर्वी हल हाउसमध्ये त्या तक्त्यांची नक्कल केली जाई आणि त्यातून नकाशे तयार होत. चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या गरिबीचे जे रंगीत नकाशे काढले होते, त्यांचा आदर्श समोर होता.

९/
हल हाउसने दोन नकाशे काढले, एक राष्ट्रीयत्वाचा आणि एक वेतनाचा. वेतनाच्या नकाशात आठवड्याला ५ डॉलरपर्यंत कमाई असलेल्या कुटुंबांना काळा रंग होता, तर २० डॉलरांहून अधिक कमावणाऱ्यांना पिवळा. जेमतेम एक तृतीयांश चौरस मैलात १८ देशांतून आलेली माणसे राहत होती. १८९५मध्ये हे नकाशे आणि त्यांना जोडलेले निबंध ‘हल-हाउस मॅप्स अँड पेपर्स’ या नावाने ग्रंथरूपात आले. लेखक म्हणून नाव एका व्यक्तीचे नव्हते. ‘हल हाउसचे रहिवासी’ असे होते.

१०/
या ग्रंथातले नकाशांवरचे टिपण ॲग्नेस सिंक्लेअर हॉलब्रुक यांनी लिहिले. त्यातला एक विचार आजच्या प्रत्येक सर्वेक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. गरिबांच्या खासगी आयुष्यात असे खोदून खोदून विचारणे असह्य आणि अक्षम्य ठरले असते. त्याचे समर्थन एकाच गोष्टीने होऊ शकते. समोर आलेल्या वास्तवाने लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी होऊन परिस्थिती सुधारण्याची मागणी उठली पाहिजे. थोडक्यात, दुसऱ्याच्या दुःखाची माहिती घेणारा त्या माणसाचा ऋणको होतो.

११/
ते ऋण फेडण्याचा पहिला प्रयत्न पुस्तकाआधीच सुरू झाला होता. केली आणि सहकाऱ्यांच्या पाहणीमुळे १८९३मध्ये इलिनॉय राज्यात कारखाना कायदा झाला. १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास ठेवण्यास बंदी आली आणि स्त्रियांसाठी ८ तासांचा कामाचा दिवस ठरला. गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी केलींना राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून नेमले. त्यांच्यासह एकूण १२ निरीक्षक होते. पाहणी करणाऱ्या व्यक्तीच्या हाती अंमलबजावणीचा अधिकारही आला. १८९४च्या देवीच्या साथीत, रुग्ण असलेल्या घरांतच बाजारासाठी कपडे शिवले जात असल्याचे या निरीक्षकांनी उघडकीस आणले.

१२/
कारखानदार न्यायालयात गेले. मार्च १८९५मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ तासांचे कलम रद्द केले. आपल्या श्रमाचा करार हवा तसा करण्याचे स्त्रीचे स्वातंत्र्य त्यामुळे हिरावले जाते, हे त्याचे कारण. बारा-चौदा तास शिवणयंत्रावर वाकलेल्या बाईला कसले स्वातंत्र्य उरते, हा प्रश्न निकालाच्या चौकटीत बसला नाही. केलींनी त्यातून धडा घेतला. वस्तुस्थिती माहीत असणे पुरेसे नाही. न्यायालयाला ती पुरावा म्हणून स्वीकारावी लागेल अशी मांडणी करावी लागते.

१३/
वस्तीतच आणखी एक पाहणी चालू होती. तिचा विषय होता कचरा. गल्ल्यागल्ल्यांत लाकडी पेट्या तुंबलेल्या, ठेकेदार बेफिकीर आणि मुले त्याच पेट्यांवर खेळणारी. या विभागात मृत्यूंचे प्रमाण जास्त का, याचा शोध घेण्याचे हल हाउसच्या महिला मंडळाने ठरवले. मंडळातल्या १२ जणी संध्याकाळी, घरची कामे उरकून, गल्ल्या तपासत निघत. ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत नियमभंगाच्या १,०३७ खात्रीशीर तक्रारी आरोग्य खात्याकडे गेल्या.

१४/
इथे ज्ञान निर्माण करणाऱ्या बायका पदवीधर संशोधक नव्हत्या. त्या बहुतांशी याच परिसरातल्या गृहिणी होत्या. खेड्यातून आलेल्या बाईला घरातला केर बाहेर लोटण्याची सवय होती. गावी उघड्या हवेत तो कुजून निरुपद्रवी होई. शहरात तोच केर मुलांच्या जिवावर उठतो, हे शेजारणीने शेजारणीला समजावले. पत्रकात छापलेल्या उपदेशाला इतकी पोच मिळाली नसती.

१५/
तरीही सुधारणा होईना. तेव्हा ॲडम्स यांनी कचरा उचलण्याच्या कंत्राटासाठी स्वतःच निविदा भरली. तांत्रिक कारणाने ती बाद झाली. पण त्याची इतकी चर्चा झाली की महापौरांनी १८९५मध्ये त्यांना १,००० डॉलर वार्षिक वेतनावर विभागाच्या कचरा निरीक्षक म्हणून नेमले. पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे जाणे आता त्यांचे काम झाले. एका अरुंद रस्त्यावरचा घाणीचा थर खणून काढला, तेव्हा १८ इंच खाली फरसबंदी सापडली. तो रस्ता फरसबंद होता हे तोवर कुणाच्या ध्यानातही नव्हते. मृत्युदराच्या यादीत शहरात तिसरा असलेला हा विभाग पुढे सातव्या क्रमांकावर उतरला.

१६/
प्रत्येक पाहणीतून यश मिळाले असे मात्र नाही. वस्तीतल्या कुटुंबांच्या आहाराचा अभ्यास झाला आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांना शिजवायला वेळ मिळत नाही, त्यांचे अन्न निकृष्ट असते, असे दिसले. उपाय म्हणून सार्वजनिक स्वयंपाकघर निघाले. शास्त्रीय पद्धतीने मोजूनमापून केलेले पौष्टिक पदार्थ स्वस्तात मिळू लागले. पण गिऱ्हाईक फारसे आले नाही. एका बाईने स्पष्टच सांगितले की अन्न पौष्टिक आहे यात वाद नाही, पण तिला पौष्टिक खायचे नसून मनाजोगते खायचे होते.

१७/
आहारशास्त्राने प्रथिने मोजली होती. चव, सवय, मायदेशाची आठवण आणि आपल्या ताटात काय वाढावे हे ठरवण्याचा हक्क या गोष्टींना तक्त्यात रकानाच नव्हता. इतक्या देशांतून आलेल्या माणसांच्या आवडीनिवडी किती वेगळ्या असतात याचा अंदाज चुकला, हे ॲडम्स यांनीही मान्य केले. कालव्यावरच्या कारकुनाने आपल्या शरीराविषयी सांगितलेली माहिती अशीच कुठल्याही रकान्यात बसली नव्हती. फरक एवढाच की स्वयंपाकघरात फक्त अन्न वाया गेले.

१८/
१९०२मध्ये शिकागोत विषमज्वराची साथ आली. हल हाउसच्या विभागात शहराच्या लोकसंख्येचा छत्तिसावा हिस्सा राहत होता, पण विषमज्वराच्या मृत्यूंतला सहावा हिस्सा तिथला होता. तिथेच राहणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांना याचे कारण शोधायचे होते. हल हाउसच्या दोघी रहिवासी घरोघर शौचकूप आणि नळव्यवस्था तपासत होत्या. हॅमिल्टन यांनी त्या जागांवरच्या माशा पकडून प्रयोगशाळेत नेल्या. माशांवर विषमज्वराचे जंतू सापडले.

१९/
निष्कर्ष आकर्षक होता. कायद्याने बंदी असलेले उघडे शौचकूप, त्यांवरच्या माशा, माशांमार्फत अन्न आणि अन्नातून रोग. शोधनिबंध गाजला. आरोग्य खात्याची चौकशी झाली, लाच घेऊन डोळेझाक करणाऱ्या निरीक्षकांवर खटले भरले गेले. समाजकार्यातल्या ज्ञानाने व्यवहारात काय साधावे याचा हा आदर्श नमुना वाटावा.

२०/
पण सिद्धांत चुकला होता. हॅमिल्टन यांना नंतर कळले की पाणीपुरवठ्याच्या केंद्रात बिघाड होऊन तीन दिवस सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होते आणि आरोग्य मंडळाने ही गोष्ट दडवली होती. पुढे आयुष्यभर लोक त्यांच्या माशांच्या शोधाची स्तुती करत आणि त्यांना संकोच वाटे. १९४३च्या आत्मचरित्रात त्यांनी ही चूक प्रांजळपणे लिहिली आहे. शौचकूप खरोखर घाण होते, निरीक्षक खरोखर भ्रष्ट होते. तरी माणसे मेली ती मुख्यतः दूषित पाण्याने.

२१/
इतिहासाच्या अभ्यासकाला इथे थांबणे भाग आहे. चुकीच्या सिद्धांतातून योग्य सुधारणा झाली, म्हणून चूक माफ करावी का? वस्तीत केलेले संशोधन वस्तीतले दोष शोधते. तिथे डोळ्यांना शौचकूप दिसतो. शहराचे पंपघर दिसत नाही. साथीचे मूळ गरिबांच्या अंगणात नव्हते, शहराच्या कारभारात होते. गरिबीचा अभ्यास फक्त गरिबांच्या दारात उभे राहून केला, तर दोषही तिथेच सापडतो. समाजकार्याच्या ज्ञानातला हा धोका तेव्हाही होता आणि आजही आहे.

२२/
ज्यांचा अभ्यास केला जातो त्यांना काय वाटते, याची नोंद त्याच काळात दुसऱ्या शहरात झाली. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या विभागातल्या कृष्णवर्णीयांची घरोघर जाऊन पाहणी केली. ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ हा ग्रंथ १८९९चा. हल हाउसच्या ग्रंथात लिहिणाऱ्या इझाबेल ईटन यांचा घरकामगारांवरील अहवालही त्यात आहे. डू बॉइस स्वतः कृष्णवर्णीय. तरीही वस्तीने त्यांचे मोकळेपणी स्वागत केले नाही. एखाद्या विचित्र प्राण्यासारखा आपला अभ्यास व्हावा हे लोकांना साहजिकच रुचले नाही, असे त्यांनीच पुढे लिहिले.

२३/
केलींचे पुढे काय झाले? १८९७मध्ये राज्यात सत्ता बदलली आणि निरीक्षकपद गेले. १८९९पासून त्या राष्ट्रीय ग्राहक संघाचे काम पाहू लागल्या. १९०८मध्ये स्त्रियांच्या कामाच्या तासांचा प्रश्न ‘मुलर विरुद्ध ऑरेगन’ या खटल्याद्वारे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. संघाच्या जोसेफिन गोल्डमार्क यांनी कारखाना निरीक्षकांचे आणि डॉक्टरांचे अहवाल जमवले. वकील लुई ब्रँडाइस यांनी ते मांडले. शंभराहून अधिक पानांच्या निवेदनात कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानांचा होता. बाकी सारी वस्तुस्थिती.

२४/
न्यायालयाने १० तासांची मर्यादा वैध ठरवली. १८९५च्या पराभवाचे उत्तर तेरा वर्षांनी मिळाले. या विजयालाही एक गाठ होती. स्त्री शरीराने दुबळी, भावी माता, म्हणून तिला संरक्षण हवे, असा तर्क निकालात आला. तोच तर्क पुढे स्त्रियांना काही कामांपासून दूर ठेवण्यासाठी वापरता आला. ज्ञान एकदा व्यवहारात उतरले की त्याच्या वापरावर निर्मात्यांचा ताबा राहत नाही.

२५/
१९१५मध्ये बाल्टिमोरच्या परिषदेत शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी प्रश्न केला: समाजकार्य हा व्यवसाय आहे का? वैद्यक किंवा कायदा यांच्यासारखे, शिकवून पुढे देता येईल असे त्याचे स्वतंत्र तंत्र नाही, म्हणून त्यांचे उत्तर नकारार्थी होते. कार्यकर्त्यांना हे लागले. १९१७मध्ये मेरी रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ आला. कुटुंबाची माहिती कशी मिळवावी, पुरावा कसा पारखावा आणि निष्कर्षाला कसे यावे, याची पद्धत त्यात होती. व्यक्तिसहाय्याच्या शास्त्राचा तो पाया ठरला.

२६/
त्याच सुमारास ज्ञानाचे घरही बदलले. शिकागोतले समाजकार्याचे स्वतंत्र विद्यालय १९२०मध्ये शिकागो विद्यापीठाचा भाग झाले. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्या आल्या. पद्धत काटेकोर झाली, हा लाभ. पण ‘वस्तीत राहणारा’ आता ‘क्षेत्रकार्याला जाणारा’ झाला. वस्तीच्या नकाशाकडून लक्ष एकेका कुटुंबाच्या नोंदवहीकडे वळले आणि वेतन, घरे, कायदे हे प्रश्न पुष्कळदा तिच्या बाहेर राहिले.

२७/
ही परंपरा मुंबईलाही पोहोचली. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. त्या दशकातच नागपाड्यात ‘नेबरहुड हाउस’ उभे राहिले; कल्पना हल हाउसच्याच कुळीतली. १९३६मध्ये टाटा न्यासाच्या साहाय्याने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४पासून ही संस्था टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

२८/
मुंबईची जमीन कोरी नव्हती. ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११पासून गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवत होती. नव्या विद्यालयाने शास्त्रशुद्ध प्रशिक्षण दिले. पण अमेरिकी शहरातल्या कुटुंबासाठी घडलेली व्यक्तिसहाय्याची पद्धत जात, चाळ, दुष्काळ आणि बेकारी यांनी जखडलेल्या समाजाला कितपत लागू पडते, ही चर्चा भारतीय समाजकार्यात पुढे अनेक दशके चालत राहिली. हल हाउसच्या स्वयंपाकघरात उठलेलाच हा प्रश्न.

२९/
या इतिहासाचे सार एका क्रमात मांडता येईल. वस्तीत राहणे, विचारणे, मोजणे, मांडणे, कायदा किंवा सेवा घडवणे आणि तिथे जे फसते ते पुन्हा ज्ञानात भरणे. शेवटची पायरी सर्वांत अवघड, कारण तिथे स्वतःची चूक लिहावी लागते. ॲडम्स आणि हॅमिल्टन यांचे मोठेपण त्यांच्या यशाइतकेच या लिहिण्यात आहे.

३०/
१८९५चा नकाशा आजही अभ्यासक न्याहाळतात. त्यातल्या प्रत्येक काळ्या चौकोनामागे एक कुटुंब होते. त्याने अनोळखी माणसाला दार उघडले आणि आपली कमाई सांगितली. त्यांची नावे नकाशावर नाहीत. कालव्यावर गेलेल्या कारकुनाचे नावही ॲडम्स यांनी दिलेले नाही. समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकांत ग्रंथकारांची नामावली असते. पण ‘मला हे काम सोसणार नाही’ हे सांगणारा माणूसही त्या ज्ञानाचा एक कर्ता होता. त्याचे म्हणणे वेळेवर ऐकले गेले नाही.